रात्रपाळी, झोप आणि वाढते पोट

(पद्मनाभपुर, दुर्ग येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वजनाचा विषय निघाला की लोक आधी ताटाकडे बोट दाखवतात. मी झोपेपासून सुरुवात करतो. आपल्यातले बरेचजण मार्शलिंग यार्डात, गाडीवर किंवा आर.एम.एस.च्या रात्रीच्या सेटवर असतात. कॉल आला की उठायचे, हेच आपले घड्याळ.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. 2004 साली त्याचे निष्कर्ष आले. पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले, भूक चाळवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले. तेव्हा ड्यूटी संपवून येताना समोशाच्या गाडीपाशी पाय थबकतात, तो केवळ जिभेचा दोष नव्हे. 2010 चा दुसरा प्रयोग तर अधिक बोलका आहे. दोन आठवडे सारखेच मोजके जेवण दिले. एकदा साडेआठ तास बिछान्यात, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा तीन किलोच्या आसपास उतरले. पण त्यात चरबी पुरेशा झोपेत 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6 किलो. बाकीची घट चरबीची नव्हतीच. अंगमेहनत करणाऱ्याला असे वजन उतरवून काय उपयोग?

म्हणून दिवसा झोपणाऱ्याची खोली काळोखी हवी, फोन दुसऱ्या खोलीत हवा, आणि झोपेआधी सहा तास चहा नको. हे एकट्या कामगाराच्या हाती नाही, घरच्यांची साथ लागते. घरची बाई रात्रपाळीवर असेल तर हीच शिस्त नवरोजींनीही पाळावी! तेव्हा मात्र कुकरच्या शिट्ट्या चालतात.

आता जेवण. रात्रपाळीत मध्यरात्री जेवल्याने रक्तातली साखर चढते, दिवसाच जेवले तर चढत नाही, असे 2021 च्या एका प्रयोगात आढळले. ड्यूटीवर निघण्यापूर्वी भाकरी, डाळ, भाजी असे नीट जेवा. रात्री लागलेच तर मूठभर फुटाणे, काकडी, ताक. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नका.

चहाचा हिशेब करा. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे बारा चमचे, सुमारे 60 ग्रॅम, 240 कॅलरी, दूध वेगळेच.

इथल्या बासीबद्दल मला विचारतात. 1 मे 2022 रोजी, श्रमिक दिनी, बोरे बासी खाण्याचे आवाहन छत्तीसगड सरकारने केले होते. उन्हाळ्यात कष्टकऱ्याला ती उत्तमच. पण पाण्यात भिजवला म्हणून भात हलका होत नाही. एक वाटी घ्या, सोबत कांदा, लाल भाजी, डाळ भरपूर. लोणचे बोटभरच.

एक गोष्ट बंधू लपवतात, ती म्हणजे घोरणे. मान जाड, झोपेत श्वास अडकतो, सकाळी डोके जड आणि दिवसा डुलकी येते, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वैद्यकीय तपासणीत कॅटेगरी जाईल, मायलेज बुडेल, ही भीती खरी आहे; ती मी हसण्यावारी नेत नाही. लोको पायलटची ही तपासणी 45 व्या वर्षापर्यंत दर चार वर्षांनी, मग 55 पर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. तिची वाट न पाहता आधीच दाखवलेत, तर उपचाराला वेळ मिळतो. इंजिनातले व्हीसीडी यंत्र मिनिटभराने जागे करते, पण त्या मिनिटात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते.

आणि विश्रांती हा हक्कही आहे. 2005 च्या नियमांनुसार रनिंग कर्मचाऱ्याला आठ तास वा अधिक ड्यूटीनंतर मुख्यालयात सोळा तास विश्रांती, शिवाय महिन्यातून चार वेळा सलग 30 तास किंवा पाच वेळा 22 तास. ती कापली गेली तर तारीख-वेळ वहीत नोंदवून शाखेकडे द्या; तोंडी तक्रारीला वजन नसते.

बाहेर टेबलावर शिंप्याची टेप ठेवली आहे. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून माप घ्या. पुरुषांना 90 सेंटीमीटर, स्त्रियांना 80, ही आपल्याकडची मर्यादा. आकडा मला सांगायची गरज नाही, स्वतःच्या डायरीत लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.