शाळेतील मत्स्यपेटी आणि नदीचे पाणी



भोर-वेल्ह्याच्या शाळांतून मत्स्यपेटी अवश्य असावी. मात्र जिवांची निवड विचारपूर्वक व्हावी. चाळीस लिटरांच्या पेटीस पाच-सहा गप्पी व दोन-तीन गोगलगायी पुरेत. गप्पींची वीण झपाट्याने वाढते. म्हणून केवळ नरच घ्यावेत. गोल्डफिश व सकर मासा विकत घेताना बोटाएवढे असतात, परंतु पुढे फार मोठे होतात, ते टाळावेत.

नकोसे झालेले मासे ओढ्यात सोडणे ही जीवदया नव्हे. भाटघरचे पाणी नीरेस मिळते. पानशेतचे मुठेतून भीमेस व उजनीस पोहोचते. उजनीत सकर माशांच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. तेव्हा जादा मासे दुकानदारास किंवा दुसऱ्या शाळेस द्यावेत, ही विनंती.