एलेन टेरी : एका अभिनेत्रीची उमेदवारी

अभिनय ही ईश्वरी देणगी आहे, असे आपण सहज म्हणून जातो. एलेन टेरी या विख्यात इंग्रज अभिनेत्रीचे पूर्वायुष्य पाहिले, म्हणजे त्या देणगीची किंमत कळते.

१८४७ साली कॉव्हेंट्री येथे, गावोगाव फिरणाऱ्या नटाच्या बिऱ्हाडात तिचा जन्म झाला. रंगभूमी हीच तिची शाळा. १८५६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात चार्ल्स कीन यांच्या मंडळीत तिने पदार्पण केले. पुढे शेक्सपिअरच्या नाटकात ती ‘पक’ झाली असता रंगमंचाच्या तळातील झडप अवेळी मिटली आणि तिच्या पायाचे बोट मोडले. प्रयोग पुरा केलास तर पगार दुप्पट करीन, असे कीनबाईंनी सांगितले. आणि त्या पोरीने तो पुरा केला!

१८६४ साली, सोळाव्या वर्षी, तीस वर्षांनी वडील असलेल्या वॉट्स या चित्रकाराशी तिचा विवाह झाला. तो वर्षभरही टिकला नाही. पुढे गॉडविन या वास्तुशिल्पज्ञासह ती खेड्यात राहिली. दोन मुले झाली, कर्जही वाढले. तेव्हा नाटककार चार्ल्स रीड यांच्याकडे आठवड्याला चाळीस पौंड मागून १८७४ साली ती रंगभूमीवर परतली. १८७५ मधील तिची पोर्शिया लंडनने डोक्यावर घेतली. १८७८ साली हेन्री अर्व्हिंग यांनी तिला लायसियममध्ये आणले.

प्रेक्षकांना तिचे प्रसन्न हास्य दिसे. त्यामागे पोटासाठी राबणारी एक स्त्री उभी होती, हे आपण विसरू नये.