दार-ए-सलाममधील वर्ष



निवृत्तीनंतर एक वर्ष मी टांझानियातील दार-ए-सलाम या शहरात स्वयंसेवक म्हणून काढले. त्याविषयी बोलावे, अशी आपली सूचना. सिंह, जिराफ आणि किलिमांजारो यांची वर्णने ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी आले असेल, तर त्यांची निराशा होईल. मी बोलणार आहे ते घड्याळ, बस आणि भिशी यांच्याविषयी.

स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. 'तीन वाजता या' असा स्वाहिलीत निरोप आला, तर नऊला जायचे! विषुववृत्ताच्या जवळ सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवत असल्याने ही मोजणी तिथे चोख बसते. आपल्या घटिकाही सूर्योदयापासूनच मोजल्या जात. ते आठवले आणि आठवडाभरात मी सरावलो.

भाषेतले काही शब्द तर ओळखीचेच निघाले. पेसा, दुका, गारी, बिमा, चपाती, आणि लाख या अर्थी लाकी. आपल्या लोकांना याचे कौतुक वाटते. परंतु या यादीत पैसा, दुकान आणि विमा आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. हिंदी माणूस तिथे प्रामुख्याने व्यापारी म्हणून ओळखला गेला. 1967 च्या अरुशा घोषणेनंतर, 1971 साली, न्येरेरे यांच्या सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींचे राष्ट्रीयीकरण केले. त्यांचे मालक बहुतांशी आशियाई होते आणि त्यांतील अनेकांनी देश सोडला. रस्त्यात मला कोणी 'म्हिंदी' म्हणून हाक मारी, तेव्हा या इतिहासाचा काही अंश त्या हाकेत असे. मात्र मुले वडीलधाऱ्यांना करतात तसे 'शिकामू' हे अभिवादन मलाही करीत. त्याचा मूळ अर्थ 'आपले पाय धरतो', असे सांगतात.

रोजचा प्रवास दालादाला या खाजगी मिनीबसने. 2016 पासून शहरात स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या जलद बसगाड्याही आल्या आहेत, पण गल्लीबोळांतून आधार दालादालाचाच. चालक आणि 'कोंडा' म्हणजे कंडक्टर, दोघांनाही बहुधा ठरीव पगार नसतो. मालकाला रोज ठरावीक रक्कम द्यायची, इंधन भरायचे आणि उरेल ते आपले. त्या रकमेला 'हेसाबू' म्हणतात; आपला हिशेब तो हाच. गाडी कोंबून भरल्याशिवाय का हलत नाही आणि मग बेफाम का धावते, याचे उत्तर या एका शब्दात आहे. परदेशी पाहुणे ते चालकाच्या स्वभावात शोधतात.

माझे काम बायकांच्या बचतगटांना हिशेब शिकविण्याचे होते. त्यांतल्या बहुतेक 'मामा लिशे', म्हणजे पदपथावर चूल मांडून कामगारांना उगाली आणि घेवड्याची आमटी वाढणाऱ्या. 'उपातू' ही त्यांची पद्धत म्हणजे आपली भिशी, जशीच्या तशी. कोणाचा हप्ता कधी चुकला, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना हवे होते ते वहीचे तंत्र.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हे तंत्र शिकवायला मीच का? त्याच वस्तीत वाणिज्याची पदवी घेतलेली एक तरुणी बेकार बसली होती. माझ्या फुकट श्रमाशी तिच्या वेतनाने स्पर्धा कशी करावी? शिवाय ते श्रम फुकट नव्हतेच. माझा विमानप्रवास आणि निवास यांवर संस्था खर्च करीत होती. मी हे संस्थेपुढे मांडले. देणगीदारांना स्वयंसेवक पाठवायचा असतो, स्थानिक पगार द्यायचा नसतो, असे उत्तर मिळाले. श्रमाचा बाजार दानधर्मही बिघडवू शकतो, हे पाठ्यपुस्तकात नाही.

बऱ्याच वादावादीनंतर तडजोड झाली. मी स्वस्त खोलीत राहायला गेलो आणि वाचलेल्या पैशातून त्या मुलीला मानधन सुरू झाले. अखेरचे चार महिने वर्ग तिने घेतला, मी मागे बसून वह्या तपासल्या. मला आठ महिन्यांत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न तिला पहिल्याच आठवड्यात आला: नवरा हप्त्याचे पैसे घेऊन गेला, तर वहीत ते कोणाच्या नावे मांडायचे? त्यावर दोन तास चर्चा झाली आणि तो वर्ग अंधार पडल्यावरच सुटला.