विज्ञान मंडळ वर्षभर चालावं म्हणून

१९२८ साली रामन परिणामाचा शोध जाहीर झाला तो दिवस २८ फेब्रुवारी. महाविद्यालयांतली विज्ञान मंडळं बहुधा त्याच दिवशी जागी होतात, हारतुरे झाले की झोपतात. मंडळ वर्षभर चालवायचं तर भाषणं कमी, हाताला काम जास्त हवं.

उदाहरणार्थ, पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला सूर्य ऐन डोक्यावर येतो. गच्चीवर काठी ओळंब्यात उभी करा; दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली बुडाशी गडप होते. जुलैअखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण ढग आडवे येतात. म्हणून मेमधली कामं सुट्टीपूर्वीच वाटून द्या.

आणि चिटणिसाच्या जोडीला प्रथम वर्षाचा विद्यार्थी घ्या. तिसऱ्या वर्षाची मुलं बाहेर पडली, तरी नोंदवही आणि दुर्बिणीच्या कपाटाची किल्ली जागेवर राहते.