नळीतला गर्भ



१८८१ मध्ये बर्मिंगहॅमचे शल्यविशारद लॉसन टेट यांना एका स्त्रीला तपासण्यासाठी बोलावण्यात आले. गर्भ नळीत राहून ती फुटली असावी, असा तिच्या डॉक्टरांचा तर्क होता. पोट उघडावे, असा त्यांचा आग्रहही होता. टेट यांनी नकार दिला. ती स्त्री दगावली आणि शवविच्छेदनात तर्क खरा ठरला. पुढे १८८३ मध्ये अशाच एका रुग्णेची फुटलेली नळी टेट यांनी काढली व ती वाचली.

तेथे निदान झाले होते, धैर्य झाले नव्हते. आपल्या ग्रामीण भागात पुष्कळदा निदानच कोणाच्या मनात येत नाही. बाई पोटदुखी व घेरी घेऊन येते. थोडे रक्त गेलेले असते, ती त्यालाच पाळी समजते. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला भिडले की खांदा दुखतो. त्यावर मलम मिळते! सर्वांत फसवे उत्तर म्हणजे, ‘माझे ऑपरेशन झाले आहे.’ नसबंदीनंतर दिवस क्वचितच राहतात; पण राहिले, तर ते नळीत असण्याचा संभव बराच मोठा असतो. म्हणून पोट दुखणाऱ्या प्रत्येक तरुण स्त्रीची लघवी गर्भासाठी तपासावी. त्या पट्टीला वीज लागत नाही.

सोनोग्राफी नसेल, तर पोटात वा योनिमार्गाच्या मागील बाजूने सुई घालून पाहावे. आलेले रक्त काही मिनिटे ठेवूनही गोठले नाही, तर ते पोटात साचलेले रक्त होय. सुई कोरडी आली म्हणून मात्र निर्धास्त राहू नये.

नळी फुटलेली नसल्यास मेथोट्रेक्झेटचे इंजेक्शन उपयोगी पडते, हे खरे. परंतु त्यानंतर रक्ताच्या तपासण्या पुनःपुन्हा कराव्या लागतात. दिवसाच्या वाटेवर राहणाऱ्या स्त्रीला तो उपचार देणे मला जोखमीचे वाटते. तिची नळी काढलेली बरी.

रक्तपेढी दूर असली, तरी रुग्णेचे रक्त तिच्याच पोटात असते. जर्मनीत योहानेस थीस यांनी १९१४ मध्ये ते परत देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ताजे रक्त निर्जंतुक पळीने काढावे, अनेकपदरी गॉजमधून सायट्रेटच्या बाटलीत गाळावे व शिरेतून द्यावे. रक्तास दुर्गंधी असेल वा नळी फुटून दिवस उलटला असेल, तर ते वापरू नये.

शुद्धीवर आल्यावर ती बहुधा पुढच्या मुलाविषयी विचारील. दुसरी नळी चांगली असल्यास दिवस राहू शकतात, असे तिला अवश्य सांगावे. मात्र पाळी चुकताच पहिल्या आठवड्यात दवाखान्यात यावे, हे तिच्या सासूलाही समजावून सांगावे.