जाळीवरील गणित आणि आपली मुले



अणुगर्भातील प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान जेमतेम शेकडा १ आहे. बाकी सारी त्यांच्या गतीची व बंधनाची ऊर्जा होय. हा हिशेब कागदावर सुटेना, म्हणून १९७४ साली केनेथ विल्सन यांनी अवकाश-काळाची जाळी कल्पिली. तीवर महासंगणक असंख्य नमुने काढून सरासरी घेतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे कार्य झाले आहे.

जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांनी साध्या संगणकावर चुंबकाच्या द्विमित आयझिंग प्रतिमानापासून आरंभ करावा; ऑन्सागर यांच्या १९४४ च्या अचूक उत्तराशी आपले उत्तर ताडून पाहावे. लागोपाठचे नमुने एकमेकांनी पढविलेल्या साक्षीदारांसारखे असतात. शंभर उभे केले तरी पुरावा थोडाच. न्यायालयात मी हेच पाहतो. म्हणून चुकीची मर्यादा सांगितल्याविना उत्तर ग्राह्य नाही.

कोणाच्याही शब्दावर न विसंबता पडताळा मागणारी ही विद्या आपल्या मुलामुलींनी संपादन करावी.