आरंभीची मनोविकृती : औषधे आणि बोधनिक क्षमता

तीव्र मनोविकृती, म्हणजेच सायकोसिस, बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रकट होते. शिक्षण व रोजगाराची दिशा ठरण्याचा तोच काळ असतो. आभासी आवाज आणि निराधार संशय औषधांनी बऱ्याच अंशी ओसरतात; परंतु अवधान, स्मृती व नियोजन या बोधनिक क्षमता सावरल्या नाहीत, तर लक्षणमुक्त झालेल्या विद्यार्थ्यालाही अभ्यास झेपत नाही. ही मंदता आजाराची की औषधाची, हा कळीचा प्रश्न आहे.

आजाराचा वाटा निश्चित आहे. औषध सुरू होण्यापूर्वीच अनेक रुग्णांत या क्षमता उणावलेल्या आढळतात. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू होण्याच्या कितीतरी आधी एमिल क्रेपेलिन यांनी बौद्धिक ऱ्हासाची नोंद केली होती.

औषधाचा वाटाही नाकारता येत नाही. ही औषधे मेंदूतील डोपामीनच्या डी-२ ग्राहींना अडवतात. सुमारे ६५ टक्के ग्राही व्यापले गेले की गुण येऊ लागतो. ८० टक्क्यांच्या आसपास स्नायूंचा ताठरपणा व हालचालींतील मंदपणा वाढतो. त्यावर दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल स्मृतीला बाधक ठरू शकते. म्हणजेच अधिक मात्रेची किंमत दुहेरी असते.

संशोधनाचे निष्कर्षही सावध आहेत. युरोप व इस्रायलमधील ४९८ नवरुग्णांच्या अभ्यासात (२००९) अल्प मात्रेतील जुने हॅलोपेरिडॉल आणि नवी औषधे यांच्यासोबत दिसलेली बोधनिक सुधारणा जवळपास सारखीच होती. मेलबर्न येथील चाचणीत (२०२३) निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची शाब्दिक स्मृती सुधारली. औषध घेणाऱ्यांत तशी सुधारणा दिसली नाही. मात्र त्या चाचणीसाठी कमी जोखमीचे रुग्ण निवडले होते आणि सर्वांना सघन मनोसामाजिक उपचार मिळत होते. त्यावरून औषध परस्पर बंद करणे घातक ठरेल. तसे केल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

यातून निघणारा मार्ग मध्यम आहे : परिणामकारक अशी किमान मात्रा, बोधनिक क्षमतांची नियमित तपासणी आणि औषधाच्या जोडीला बोधनिक पुनर्वसन. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २२ नुसार उपचारांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. ‘वाचलेले लक्षात राहत नाही’ ही तक्रार आळस समजून झटकली न जाता वैद्यकीय नोंदीत आली, तरच त्या हक्काला अर्थ उरेल.